आय-सेव्हन राहू दे, आधी लेबल वाच

साठ हजारांत गेमिंग पीसी होतो. स्क्रीन, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस धरून होतो. फक्त त्यात काय येणार नाही हे आधी कागदावर लिहावं लागतं, आणि ते लिहिताना सोळा वर्षांचा मुलगा समोर बसलेला असेल तर मन जरा घट्ट करावं लागतं.

हा मुलगा म्हणजे माझा भाचा ओंकार. कराडला असतो. दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले तर कॉम्प्युटर, असं दाजी गणपतीत चार माणसांसमोर बोलून गेले होते. २०२५ च्या मे महिन्यात निकाल लागला, टक्के पडले, आणि दाजींना माघारीची वाट उरली नाही. आकडा मात्र त्यांनी ठणकावून सांगितला: ६०,०००, वर एक रुपया नाही. लगेच ताईचा मला फोन. मी डोंबिवलीत राहते, सीएच्या ऑफिसात नोकरी करते, आणि घरच्यांच्या मते मला ‘कॉम्प्युटरमधलं कळतं’, म्हणजे कुणाचा प्रिंटर अडला की माझा फोन वाजतो. पण हौस खरी आहे. माझा पीसी मीच जोडलाय, आणि रात्री जेवणं आटपली की मी त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळते. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. आता होईल.

ओंकार सुट्टीत माझ्याकडे आला तो यादी घेऊनच. पहिली ओळ: आय-सेव्हन, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर. दुसरी: कॅबिनेट, सहा पंख्यांचं, आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांचं. तिसऱ्या ओळीत ग्राफिक्स कार्ड आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्याला लिहायला लावलं की कोणते गेम खेळणार, केवढ्या स्क्रीनवर खेळणार, आणि पीसीवर आणखी काय करणार. मित्रांबरोबर व्हॅलोरंट, एकटा असला की जीटीए फाइव्ह, मग ‘मोठे स्टोरीवाले’. स्क्रीन २४ इंची. शिवाय गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे. “आणि मावशी, जीटीए सिक्स!” तो गेम फक्त कन्सोलसाठी जाहीर झालाय, पीसीचं अजून नावही काढलेलं नाही, तेव्हा त्याच्या नावाने आत्ता पैसे बाजूला काढायचे नाहीत, हे पटवण्यात एक अख्खा चहा गेला.

तरी त्या कोऱ्या बाजूवर निम्मं काम झालं. फुल एचडी स्क्रीन म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. त्याच्या वरची १४४०पी घेतली तर ३७ लाख, फोर-के घेतली तर ८३ लाख. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ, शंभर वेळा रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. म्हणजे स्क्रीन ठरली की कार्डाची पायरी ठरते, कार्ड ठरलं की त्याला पुरेल एवढा प्रोसेसर ठरतो आणि त्या दोघांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ठरतो. आपल्याकडे लोक नेमके प्रोसेसरच्या नावापासून सुरुवात करतात आणि शेवटी उरलेल्या सहा-सात हजारांत कार्ड शोधत फिरतात.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि पूर्वेकडून लॅमिंग्टन रोडला लागलो. ऑनलाइन का नाही, असं ओंकारने विचारलं. काही वस्तू ऑनलाइन दोन-चारशेनी स्वस्त मिळतात, खरं आहे. पण कार्ड बिघडलं तर कराडहून कुरियर करत बसण्यापेक्षा मी लोकलने जाऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभी राहू शकते, हा हिशेब होता. आणि बाजार डोळ्यांनी बघितला की माणूस शिकतो.

पहिल्याच दुकानात तो शिकायला लागला. “मुलासाठी ना मॅडम? आय-सेव्हन देतो. सोळा जीबी रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, लायटिंगवालं कॅबिनेट. बावीस हजार.” ओंकारने माझा हात दाबला. बावीस हजारांत आय-सेव्हन, म्हणजे अडतीस हजार वाचले! मी विचारलं, कितवी जनरेशन? दुकानदार शांतपणे म्हणाला, थर्ड. नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हणून विकणं म्हणजे नुसतं ‘आंबा’ म्हणून हापूसचे पैसे घेणं. थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर. कंपन्यांची जुनी मशिनं भंगारात निघतात, त्यांतून असे प्रोसेसर काढतात. त्यांना बसणाऱ्या मदरबोर्डाचा एच६१ चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, २०११ चा, पण त्याचे नवे कोरे बोर्ड आजही बाजारात येतात, चकचकीत खोक्यात. कार्ड म्हणून त्यात जीटी ७३०, तेही २०१४ चं. नवीन कॅबिनेटमध्ये हे सगळं बसवून दिवे लावले की ओळखायला येत नाही.

जुनं म्हणून वाईट असं माझं म्हणणं नाही. ऑफिसात एक्सेल चालवायला तो प्रोसेसर आजही चालतो. पण ओंकारच्या कागदावर पहिलं नाव व्हॅलोरंटचं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्याच सुरक्षेच्या सोयी) लागतं, आणि या बोर्डांवर टीपीएम २.० नसतं. मुळात विंडोज ११ च या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबरमध्ये संपणार होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून उसन्या वेळेवर चालणारं मशिन. दुकानातून बाहेर आल्यावर हे त्याला फूटपाथवर उभं राहून सांगितलं. त्याने खिशातून पेन काढून आय-सेव्हनवर काट मारली.

दुसऱ्या दुकानातला माणूस भला होता. त्याने बजेट ऐकलं आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुचवला. यातल्या ‘जी’चा अर्थ असा की प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं, व्हॅलोरंटसारखा हलका गेम कार्ड न लावता चालतो. “आत्ता हा घ्या, कार्ड दिवाळीला टाका.” बजेट तीस-पस्तीस हजार असतं तर मी हेच घेतलं असतं. पण कार्ड येणारच असेल तर ‘जी’ घाट्याचा. त्याच्यात एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. गेममध्ये ही कॅश फार कामाला येते. शिवाय कार्ड जोडायची जी वाट, पीसीआय एक्स्प्रेस, तिच्या ३.० या जुन्या आवृत्तीवर ‘जी’ थांबतो. म्हणजे दिवाळीला कार्ड टाकलं तरी पोटातलं ग्राफिक्स बसून राहणार आणि प्रोसेसर मात्र थोडा कमीच धावणार. आमच्याकडे कार्डाचे पैसे आत्ताच होते. साधा रायझन ५ ५६०० घेतला: ६ कोर, १२ थ्रेड, सोबत कूलर, साधारण सव्वानऊ हजार. इंटेलचा आय५-१२४००एफ याच तोडीचा आहे आणि तो घेतला असता तरी काही बिघडलं नसतं. त्या दिवशी तिथे ५६०० आणि बी४५० बोर्डाची जोडी दीड हजाराने स्वस्त पडत होती, एवढंच कारण. कंपन्यांच्या नावाने भांडणारे लोक मला कधी कळले नाहीत.

बी४५० बोर्ड घेताना खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ असं स्टिकर आहे का ते बघायचं. हा चिपसेट २०१८ चा, प्रोसेसर २०२२ चा. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डावर जुना बायोस (पीसी चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) असेल तर पीसी चालूच होत नाही, आणि बायोस बदलायला दुसरा प्रोसेसर आणायचा कुठून? आता बी५५० बोर्ड किंवा त्याही पुढचा एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची नवी बैठक) का नाही घेतला? एएम५ ला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, बोर्ड महाग, प्रोसेसर महाग. फरकाचे आठ-दहा हजार थेट ग्राफिक्स कार्डातून कापले गेले असते. ‘पुढे अपग्रेड करता येईल’ या वाक्यावर बाजार चालतो. माझ्या बघण्यात बहुतेक घरांत ते पुढे कधी येत नाही. पाच-सहा वर्षांनी नवीनच घेतात.

कार्डासाठी मात्र आम्ही दुपार घालवली. बजेटमधला सगळ्यात मोठा तुकडा, साधारण एक-तृतीयांश, इथेच जायला हवा. आम्हाला दिसलेलं सगळ्यांत स्वस्त नवं गेमिंग कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी. त्यात मेमरी ४ जीबी, पीसीआयच्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं (आमच्या ३.० वाल्या बोर्डावर आणखी दमणार), आणि व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे रेकॉर्डिंगला लागणारा भाग, त्यात नाहीच. ज्याला गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचाय त्याच्यासाठी विषय संपला. आरटीएक्स ३०५० चे दोन प्रकार मिळतात, ६ जीबी आणि ८ जीबी, आणि हे नुसते मेमरीचे फरक नाहीत. ६ जीबीवालं कार्ड मुळातच हळू आहे, फक्त ७० वॅटवर चालतं. बिलावर दोघांचं नाव जवळजवळ सारखंच. ८ जीबीवालं ३०५० आणि आरएक्स ६६०० त्या दिवशी सारख्याच भावात होते, वीस हजारांच्या आत-बाहेर, आणि फुल एचडीला ६६०० सरळसरळ पुढे आहे. “एनव्हिडियाच घ्या मॅडम, नाव आहे,” असं प्रत्येक काउंटरवर ऐकलं. डीएलएसएस ही कमी ठिपके रंगवून चित्र मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती चांगली आहे, नाकारत नाही. पण या पायरीवर युक्तीपेक्षा ताकद जास्त उपयोगी.

६६०० मध्ये ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, आणि लेन आठ, त्यामुळे ३.० च्या बोर्डावर फारसं अडत नाही. त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायचं, हार्डवेअर आहे. ते चालू करून खेळण्याइतका त्यात दम नाही, पण काही नवे गेम आता ते असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, म्हणून असलेलं बरं. याच कारणाने सेकंडहँड आरएक्स ५८० कडे गेले नाही. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं तेव्हापासून मायनरांची दमलेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात येताहेत, आणि ५८० च्या नावाखाली ‘२०४८एसपी’ ही कापलेली आवृत्तीही खपवतात. ज्याला कार्ड उघडून पेस्ट आणि पॅड बदलता येतात त्याने खुशाल घ्यावं. भाच्याला भेट म्हणून मी घेणार नाही.

आता एसएमपीएस. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

कॅबिनेट निवडलं की दुकानदार म्हणतो, “यासोबत एसएमपीएस फ्री.” आम्हालाही म्हणाला. मोठ्या अक्षरात ४५० वॅट. ओंकारने मनातल्या मनात चार हजार वाचवले. मी तो डबा हातात घेतला. पहिल्यांदा वजनच सांगतं. चांगला एसएमपीएस हाताला जाणवतो, हा नुसता पत्रा होता. मग बाजूचं लेबल ओंकारला वाचायला लावलं. तिथे एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली किती अँपिअर. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जेवतात. बाकीच्या रकान्यांना फार अर्थ नाही. १२ च्या खाली लिहिलं होतं १४ अँपिअर. “गुण,” मी म्हटलं. बारा गुणिले चौदा. १६८ वॅट. ४५० चा आकडा कुठून आला ते छापणाऱ्यालाच ठाऊक. शेजारच्या रॅकवरून एका चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा काढला, त्यावर १२ च्या खाली ४५ अँपिअर. ५४० वॅट. लेबलवरचा मोठा आकडा आणि हा गुणाकार जवळजवळ जुळला पाहिजे, एवढं बघायला सहावीचं गणित पुरतं.

आमच्या पीसीची भूक किती? प्रोसेसर पंचाहत्तर-ऐंशी वॅट, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून पन्नास धरा. अडीचशेच्या आसपास. तरी ५५० चा का, तर कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा त्याला जागा लागते, उद्या मोठं कार्ड आलं तर हाच चालतो, आणि अर्ध्या भारावर चालणारा एसएमपीएस गार राहतो. शिवाय ६६०० ला आठ पिनांची एक वायर लागते, जी त्या फुकटच्या डब्यात नव्हतीच. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचा शिक्का), पाच वर्षांची वॉरंटी, ३,९०० रुपये. सगळ्या यादीत दिसायला कंटाळवाणी अशी हीच वस्तू, आणि फुकटचा डबा जळतो तेव्हा एकटा जळत नाही, वीस हजारांचं कार्ड सोबत नेऊ शकतो. मी दाजींना फोनवर एवढंच सांगितलं. दाजींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, “त्यात कॉपर असतं का ॲल्युमिनियम?”

बाकीचं पटकन झालं. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन काड्या, डीडीआर४ ३२०० च्या. आमच्या बोर्डाला स्लॉट दोनच, म्हणून दुकानदार म्हणत होता एकच सोळाची घ्या, पुढे वाढवता येईल. दोन काड्या असल्या की प्रोसेसरला डेटा दोन वाटांनी मिळतो, आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये, जिथे सगळा भार प्रोसेसरवर, तिथे हा फरक दिसतो. पुढचं पुढे. साठवणीला एसएसडी ५०० जीबीची, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. दोन-तीन मोठे गेम टाकले की ती भरणार हे माहीत होतं, पण १ टीबी घेतली असती तर यूपीएस गेला असता. कॅबिनेट समोरून जाळीचं. ओंकारला काचेचं हवं होतं, पण समोर काच म्हणजे पंखे हवा खेचणार कुठून? कराडचा एप्रिल-मे त्याला माहीत आहे. जाळीच्या आत चार पंखे होते आणि चारही रंगीत, तेव्हा तह झाला. स्क्रीन २४ इंची आयपीएस, १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर चित्रं), साडेसात हजार. १४४ हर्ट्झवाली हवी होती, नाही बसली.

पैसे देताना एका ठिकाणी विचारलं गेलंच, “बिल पाहिजे का? नको असेल तर कमी करतो.” बिल पाहिजे, जीएसटीसकट पाहिजे, आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर बिलावर पाहिजे. त्या नंबराशिवाय तीन वर्षांच्या वॉरंटीला अर्थ नाही. रायझन डब्यासकट घ्यायचा, ट्रेवरचा सुटा नाही.

जोडणी माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली, आणि हात सगळे ओंकारचे. मी बोटाने दाखवायचं. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवायचा, दांडी वर करायची, प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. पिना बरोबर असतील तर तो आपोआप आत उतरतो आणि बारीक टक असा आवाज येतो. खरी गंमत कूलरची. या प्रोसेसरसोबत येणारा कूलर चार स्क्रूंनी बसतो, पण बोर्डावर आधीपासून दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या काढल्याशिवाय बसत नाही. आणि पट्ट्यांचे स्क्रू काढले की बोर्डाच्या मागची धातूची पाटी सुटून खाली पडते. नवशिक्याला वाटतं काहीतरी मोडलं. मी आधीच एक हात बोर्डाखाली धरून बसले होते. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे पिळायचे: एक वरचा डावा, मग खालचा उजवा, असं आलटून-पालटून, म्हणजे पेस्ट सारखी पसरते. ओंकार एवढा गप्प बसून काही करतोय हे ताईला दाखवायला मी व्हिडिओ काढून पाठवला.

पीसी चालू झाला म्हणजे काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. टास्क मॅनेजर उघडला तर रॅम २४०० वर चालत होती. पैसे ३२०० चे दिलेत! बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्याशिवाय ती स्वतःहून वर जात नाही. कित्येक पीसी वर्षानुवर्षं तसेच हळू चालत असतील. तीच गत स्क्रीनची. विंडोज बहुधा ६० हर्ट्झच धरून बसतं, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १०० करावं लागतं. आणि एचडीएमआयची वायर खाली ग्राफिक्स कार्डात लावायची, वर बोर्डात नाही. विंडोजचं लायसन्स साठ हजारांत धरलं नव्हतं, ते ताईने गुपचूप दिलं. लिनक्सवर फुकटात भागवता आलं असतं, पण व्हॅलोरंटचा पहारेकरी, म्हणजे फसवेगिरी पकडणारा प्रोग्रॅम, लिनक्सवर चालत नाही.

कराडला नेताना कल्याणहून कोयना एक्स्प्रेस. निघण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात ठेवलं. गाडीच्या धक्क्यांनी जड कार्ड बोर्डाचा स्लॉट उचकटू शकतं. कॅबिनेट त्याच्याच थर्माकोलमध्ये, सीटखाली मावेना म्हणून ओंकारच्या पायांत.

तिथे पोहोचल्यावर पहिलं काम अर्थिंगचं. ताईचं घर जुनं आहे. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत होता, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अशा घरात पीसी चालतो, पण कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी पायांनी हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. दाजींनी लगेच मीटर आणला, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज बघितलं, तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीपर्यंत नवी वायर ओढली. त्यानंतर त्यांचा प्रश्न: घरात इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला? रास्त प्रश्न. इन्व्हर्टरला लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पीसी बंद पडू शकतो. काही इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं, त्याने हा वेळ कमी होतो, पण त्यांचा चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर होता, आणि चांगल्या एसएमपीएसला तो वेव्ह मानवत नाही. यूपीएस १००० व्हीएचा घेतला होता. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर लेबल बघा, खरे वॅट ३६० च असतात; गेम चालू असताना स्क्रीन धरून तो काठावरच राहतो. यूपीएसवर गेम खेळायचा नाही, सेव्ह करून बंद करायचा, एवढ्या अटीवर ओंकारला चार्ज दिला.

आता हेच कुणी आज घ्यायला निघालं तर माझा हिशेब जसाच्या तसा चालणार नाही. मे महिन्यात ती रॅमची जोडी मला तीन हजारांच्या आसपास पडली होती. वर्षाच्या शेवटी शेवटी भाव दुपटीच्या वर गेले. रॅमच्या चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणारी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त नफा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना विकणंच थांबवणार असं जाहीर करून टाकलं. अशा वेळी मी काय करेन? डीडीआर४ च्या ८-८ च्या दोन काड्या सेकंडहँड बघेन. रॅम ही सेकंडहँड घ्यायला सगळ्यांत कमी धोक्याची वस्तू. दुकानातच लावून रात्रीपुरती मेमटेस्ट ही रॅमची तपासणी चालवायची बोली करायची. एक ८ ची काडी घेऊन ‘दुसरी नंतर’ असं करणार नाही. आणि डीडीआर५ च्या वाटेला या बजेटमध्ये आता तर मुळीच जाणार नाही. वाचवायचेच असतील तर स्क्रीनमधून वाचवेन, घरचा जुना मॉनिटर वर्षभर चालवून. एसएमपीएसमधून नाही.

ओंकारची एसएसडी अपेक्षेप्रमाणे भरली. बोर्डावर तसल्या एसएसडीचा, एम.२ चा, स्लॉट एकच, म्हणून आता वायरने जोडायची २.५ इंची साटा एसएसडी, १ टीबीची. तिचे भावही चढायला लागलेत, त्यामुळे थांबू नकोस असं मीच त्याला कळवलंय. दाजींना कोण सांगणार यावर सध्या त्याची आणि माझी बोलणी चालू आहेत.